रस्ता आणि पाऊल : पुणे व मुंबई या शहरांतील पायी चालण्याचा सामाजिक अर्थ

१

शहराचा इतिहास लिहिताना वाडे, देवालये, बाजार, तट आणि वेशी यांची नोंद अगत्याने घेतली जाते. परंतु या सर्वांना जोडणाऱ्या रस्त्याकडे केवळ रिकामी जागा म्हणून पाहण्याची प्रथा आहे. रस्त्यावरून चालणे ही तर इतकी साधी क्रिया मानली जाते की, तिला इतिहास असू शकतो हीच कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटावी. वस्तुतः कोणी, कोणत्या वेळी, कोणत्या रस्त्याने, कोणत्या वेशात आणि कोणत्या कारणासाठी चालावे यासंबंधीचे निर्बंध प्रत्येक समाजाने घातलेले आढळतात. हे निर्बंध क्वचितच लेखी असतात. ते पाळले जात असतात तोवर दिसत नाहीत. मोडले जातात तेव्हा मात्र धोंडे, शिव्या, उपहास किंवा पोलीस यांच्या रूपाने एकदम प्रकट होतात. म्हणून चालण्याच्या इतिहासाची साधने बहुधा संघर्षाच्या प्रसंगांतच सापडतात.

१८१८ साली पेशवाई संपुष्टात आली, इंग्रजी अंमल सुरू झाला आणि पुढे नगरपालिका स्थापन झाल्या, तेव्हा रस्ता आपोआप सर्वांना खुला झाला असा एक सर्वसाधारण समज आहे. कायद्याच्या दृष्टीने तो बराचसा खरा आहे. पण कायद्याने 'सार्वजनिक' ठरलेला रस्ता व्यवहारात सार्वजनिक होण्यास पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, आणि ते कार्य शासनापेक्षा चालणाऱ्यांनीच अधिक केले. पुणे व मुंबई या दोन शहरांच्या, आणि प्रसंगोपात्त महाडसारख्या लहान नगराच्या आधारे या प्रक्रियेचे स्वरूप पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम भाषेची साक्ष घेणे उचित ठरेल. पायांनी होणाऱ्या हालचालीसाठी मराठीत शब्दांचे वैपुल्य आहे आणि त्यांतील प्रत्येक शब्दाला सामाजिक मूल्य चिकटलेले आहे. 'चालणे' हा शब्द निर्विकार आहे. 'फिरावयास जाणे' आणि 'हवा खाणे' यांत फावल्या वेळाची व प्रतिष्ठेची छटा आहे. 'पायपीट' आणि 'वणवण' यांत गरिबाचे कष्ट आहेत. 'मिरवणे' म्हणजे लोकांनी पाहावे यासाठी चालणे. 'मिरवणूक' हा शब्द त्यातूनच आला, आणि त्याच क्रियापदाला फुशारकीचा अर्थही प्राप्त झाला. 'भटकणे', 'हिंडणे', 'उंडारणे' यांत निर्हेतुक चालण्याविषयीची नापसंती आहे. ही नापसंती पुरुषाच्या बाबतीत सौम्य असते. स्त्रीच्या बाबतीत मात्र 'भटकभवानी' आणि 'उंडगी' असे स्वतंत्र शब्द घडविण्याइतकी ती तीव्र होते. 'हवा खाणारा' गृहस्थ आणि 'उंडारणारी' बाई यांच्या पावलांत फरक नसतो. फरक असतो तो पाहणाऱ्याच्या नजरेत. चालण्याचा अर्थ चालणारा एकटा ठरवीत नाही, रस्ताही तो ठरवितो, ही गोष्ट या शब्दसंग्रहावरून स्पष्ट होते.

३

पेशवेकालीन पुणे हे पेठांचे नगर होते. प्रत्येक पेठेतील आळ्या आणि बोळ जात व व्यवसाय यांना अनुसरून वसलेले असल्यामुळे आपल्या आळीबाहेर पडणे म्हणजे दुसऱ्याच्या नजरेच्या टापूत शिरणे होय. अशा नगरात न चालणे हीच प्रतिष्ठेची पहिली खूण होती. पालखी, अब्दागीर, दिवट्या हे मान सरकारातून मिळत; पालखीच्या खर्चासाठी नेमणूक करून दिली जाई. ऐपत आहे म्हणून कोणीही उठून पालखीत बसावे, अशी मोकळीक नव्हती. सारांश, जमिनीपासून वर उचलले जाणे हा राजदत्त अधिकार होता आणि जमिनीवर चालणे ही उरलेल्यांची सामान्य स्थिती होती.

त्या सामान्य स्थितीतही प्रतवारी होती. रात्री ठराविक वेळी तोफ झाल्यावर रस्त्यावर फिरण्यास मनाई असे आणि त्यानंतर सापडलेल्यास कोतवालाचे लोक अडवून ठेवीत. कोतवालाची ही सत्ता किती जाचक होऊ शकते, हे १७९१ साली घाशीराम कोतवालाच्या प्रकरणात दिसून आले. त्याच्या कैदेत कोंडलेले अनेक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मरण पावले आणि क्षुब्ध जमावाने अखेर घाशीरामास धोंडे मारून ठार केले. कैदेत मेलेले लोक ब्राह्मण होते म्हणून तो प्रसंग इतिहासात ठळकपणे नोंदला गेला. ज्यांचे चालणे रात्री नव्हे तर दिवसाढवळ्याही निर्बंधित होते, त्यांच्या वाट्याला अशी नोंद फारशी आली नाही.

अस्पृश्य मानलेल्या जातींविषयीच्या निर्बंधांचा उल्लेख डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या जातिविषयक ग्रंथात केला आहे. सकाळी नवाच्या आधी व दुपारी तीननंतर सावली लांब पडते, म्हणून त्या वेळी महार-मांगांना पुण्याच्या वेशीत प्रवेश नसे. थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडके बांधावे लागे आणि पाऊलखुणा पुसण्यासाठी काटेरी फांदी मागे ओढीत न्यावी लागे, असे त्यात नमूद आहे. डॉ. आंबेडकरांनीही १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात पुण्यासंबंधी गळ्यातील मडके आणि कमरेचा झाडू यांचा निर्देश केला. हे उल्लेख पेशवाईनंतर शतकाहून अधिक काळाने ग्रंथबद्ध झाले असल्याने त्यांच्याकडे समकालीन दप्तरातील हुकुमाप्रमाणे पाहता येणार नाही. त्यांचे मोल सामाजिक स्मृतीचा पुरावा म्हणून आहे, आणि स्मृतीचा पुरावा दुय्यम असला तरी नगण्य नसतो.

या स्मृतीचा याहून पुष्कळ जुना लेखी पुरावा उपलब्ध आहे. फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात प्रसिद्ध झाला. तेव्हा पेशवाई संपून केवळ सदतीस वर्षे झाली होती आणि तो काळ प्रत्यक्ष पाहिलेली माणसे हयात होती. बाजीरावाच्या अमदानीत तालीमखान्यासमोरून मांग किंवा महार गेला असता गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू करून तलवारीच्या दांडूने खेळ होत असे, असे तिने लिहिले आहे. येथे दंडनीय ठरलेली कृती कोणती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. चोरी नव्हे, मारामारी नव्हे. एका इमारतीसमोरून चालत जाणे एवढीच ती कृती होती. पाऊलखुणा पुसाव्या लागणाऱ्या माणसांचा इतिहास लिहिताना साधनांची उणीव का भासते, याचेही उत्तर याच परिस्थितीत आहे.

४

याच पुण्यात वर्षातून एकदा चालण्याचा एक वेगळा अर्थ प्रकट होत असे, आणि आजही होतो. आषाढी वारीसाठी आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वरांची पालखी आणि देहूहून निघणारी तुकोबांची पालखी पुण्यात मुक्काम करतात. वारीत चालणे हीच उपासना होय. पालखीत बसतात त्या संतांच्या पादुका. माणसे सगळी पायी चालतात. एरवी वाहन हे प्रतिष्ठेचे चिन्ह मानणाऱ्या नगरात त्या दिवशी श्रीमंत गृहस्थही अनवाणी चालू लागतो आणि परक्या गावच्या कुणब्याचे पाय धुणे हे पुण्य ठरते.

तथापि या समतेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. वाट सर्वांना मोकळी असली तरी उंबरठा सर्वांना मोकळा नव्हता. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे. आणि विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले होण्यास १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. वारीने चालण्याला प्रतिष्ठा दिली, पण ती प्रतिष्ठा यात्रेच्या काळापुरती आणि भक्ताच्या नात्यापुरती होती. रोजच्या रस्त्यावर, साध्या कामासाठी, कोणत्याही पावित्र्याच्या आधाराविना चालण्याचा हक्क हा निराळा प्रश्न होता. तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उभा राहिला, आणि तो उभा करण्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता.

५

१८४८ साली बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई फुले शाळेत जात असताना लोक त्यांच्यावर शेण, चिखल व खडे फेकीत आणि त्यामुळे त्या एक जादा लुगडे जवळ बाळगीत, ही हकीकत पुढे नोंदलेल्या आठवणींतून सर्वश्रुत झाली आहे. शिक्षणाच्या इतिहासात तिचा उल्लेख नेहमी येतो; परंतु तो रस्त्याच्या इतिहासाचाही एक महत्त्वाचा प्रसंग आहे. हल्ला शाळेच्या इमारतीवर झाला नाही, शाळेकडे जाणाऱ्या वाटेवर झाला. शाळा चालविण्यास सरकारी मनाई नव्हती. अशा वेळी समाजाच्या हाती उरलेले शस्त्र म्हणजे रस्ता होय.

यावर एक आक्षेप संभवतो. तत्कालीन पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर स्त्रिया नव्हत्या काय? अर्थातच होत्या. कोळणी, भाजीवाल्या, मोळीविक्या, पाणी वाहणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या स्त्रिया रोज कोसच्या कोस चालत. देवदर्शनास किंवा नदीवर जाणाऱ्या उच्चवर्णीय स्त्रियाही रस्त्याने जातच. त्यांच्याविषयी कोणी आश्चर्य व्यक्त केले नाही, कारण त्यांच्या चालण्याचा हेतू बघणाऱ्याला त्यांच्या अंगावरच वाचता येत असे. डोक्यावरची पाटी, कमरेवरची घागर, हातातील पूजेचे तबक हे जणू त्यांचे परवाने होते. हातात पुस्तक घेऊन जाणाऱ्या स्त्रीजवळ समाजमान्य परवाना नव्हता. म्हणजे आक्षेप स्त्रीने चालण्यावर नव्हता. तिने स्वतःच्या उन्नतीसाठी चालण्यावर होता.

या विवेचनास आनंदीबाई जोशी यांच्या साक्षीने बळकटी येते. अमेरिकेस वैद्यकीय शिक्षणासाठी जाण्यापूर्वी १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर (बंगाल) येथे केलेल्या भाषणात त्यांनी आपल्या चालण्याचे अनुभव सांगितले. मुंबईत पुस्तके घेऊन शाळेत जाताना लोक खिडक्यांतून डोकावत, गाड्या थांबवून पाहत आणि पायांतील बूट-मोज्यांवरून हसत, असे त्यांच्या कथनाचे सार आहे. बंगालमध्येही वाटेने जाताना भोवती लोक जमत, टवाळी करीत आणि ओसरीवर बसलेले गृहस्थ खडे मारीत. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. हिंदुस्थानात राहून शिक्षण घेणे का शक्य नाही, या प्रश्नाचे उत्तर देताना त्यांनी महाविद्यालयांच्या अभावाइतकेच रस्त्यावरील छळालाही महत्त्व दिले, ही गोष्ट विशेष अर्थपूर्ण आहे. घरापासून शाळेपर्यंतचे अंतर सुखाने चालता येत नाही, म्हणून समुद्र ओलांडावा लागला, असाच त्याचा आशय होतो. १८४८ व १८८३ या दोन प्रसंगांमध्ये पस्तीस वर्षांचे अंतर आहे. त्या अवधीत विश्वविद्यालये निघाली, आगगाडी आली, मुंबईत ट्राम धावू लागली. खडा मात्र तोच राहिला.

६

मुंबईच्या जडणघडणीत पायी चालण्याची आठवण एका स्थलनामात टिकून आहे. बेटांमधील खाडीचे पाणी तुडवून येणाऱ्यांनी जेथे पाय धुवावेत ती पायधुणी. पुढे भरावाने आणि बांधांनी बेटे जोडली गेली. १८४५ साली माहीमचा बांध खुला झाला आणि वांद्र्याहून कोरड्या पायांनी येणे शक्य झाले. १८६० नंतरच्या दशकात कोटाचा तट पाडण्यात आला, १८६५ साली नगरपालिकेचा नवा कायदा होऊन आयुक्ताची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०७ साली तिची जागा विजेच्या ट्रामने घेतली.

या बदलांचा चालणाऱ्यावर दुहेरी परिणाम झाला. एकीकडे दिव्यांमुळे चालण्याचा दिवस लांबला आणि तटाबरोबर वेशीही नाहीशा झाल्या. १८७२ च्या जनगणनेत ६,४४,४०५ एवढी लोकसंख्या असलेल्या या शहरात प्रत्येक वाटसरूची जात ओळखणे अशक्य होते. पुण्याच्या पेठेत माणूस ओळखला जाई. मुंबईच्या गर्दीत तो अनोळखी राहू शकत असे, आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या मनुष्यास अनोळखीपण हेच पहिले स्वातंत्र्य होते. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या 'मुंबईचे वर्णन' (१८६३) या ग्रंथाने नानाविध जाती, वेश आणि धंदे यांनी गजबजलेले हे शहर मराठी वाचकांपुढे प्रथम सविस्तर मांडले. दुसरीकडे रस्त्याचे नियमन वाढले. १८८८ च्या महापालिका कायद्याने रस्त्यावर वस्तू मांडण्यास व अडथळा करण्यास परवान्याची अट घातली. १८९८ साली स्थापन झालेल्या सुधारणा मंडळाने दाट वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले. रस्ता रुंद झाला, परंतु ज्यांची घरे त्यात गेली त्यांची कामावर जाण्याची वाटही अनेकदा लांबली.

गिरणगावात तर चालणे हा अर्थव्यवस्थेचाच भाग होता. भोंग्याच्या वेळेला दारात हजर नसल्यास रोज बुडे. ट्रामचे भाडे परवडणारे नसे. म्हणून कामगार गिरणीपासून पायी जाण्याच्या अंतरावरच चाळीतील खोली शोधी, भाडे अधिक पडले तरी. चाळींची दाटी ही केवळ गावकीच्या ओढीची किंवा अज्ञानाची निष्पत्ती नव्हती. तिच्यामागे पावलांचा रोकडा हिशेब होता. त्याच काळात चौपाटीवर संध्याकाळी 'हवा खाण्यास' जाणारा नवशिक्षित मध्यमवर्ग चालण्याला आरोग्य आणि संभाषण यांचे साधन बनवीत होता. एकाच शहरात एका वर्गाचे चालणे हौस होते व दुसऱ्याचे चालणे मजुरीत न धरलेले श्रम होते.

७

एकट्याचे चालणे जेथे असुरक्षित असते तेथे सामूहिक चालणे हे अस्त्र होते. १८९३-९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मिरवणुकांनी पुण्या-मुंबईचे रस्ते राजकीय केले. १९०२ च्या पोलीस कायद्याने मुंबईच्या पोलीस आयुक्तास मिरवणुकांचे नियमन करण्याचे अधिकार दिले, यावरून सरकारला या चालण्याचा अर्थ नीट उमगला होता असे दिसते. १९३० च्या चळवळीतील प्रभातफेऱ्यांत आणि निदर्शनांत मध्यमवर्गीय स्त्रिया मोठ्या संख्येने रस्त्यावर आल्या. ज्या चालण्याला पन्नास वर्षांपूर्वी खडे मिळाले, त्यालाच आता देशकार्याचा परवाना मिळाला. अर्थात हाही परवानाच होता. निव्वळ हक्क नव्हे.

हक्काची भूमिका सर्वांत स्वच्छपणे मांडली गेली ती महाडमध्ये. सी. के. बोले यांच्या ठरावास अनुसरून १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते आणि महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला होता. कागदावर प्रश्न सुटलेलाच होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सभामंडपापासून तळ्यापर्यंत रांगेने चालत जावे लागले. तळ्याचे पाणी पिणे ही त्या दिवसाची परिणती होती; पण नगराच्या रस्त्यांवरून उघडपणे, शिस्तीने, हजारोंच्या संख्येने चालत जाणे हेही तितकेच अर्थपूर्ण होते. त्यानंतर प्रतिनिधींवर झालेले हल्ले त्याचीच पावती होत. या प्रकरणी उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय १९३७ साली आला. २ मार्च १९३० रोजी नाशिकास काळाराम मंदिराकडे निघालेल्या मिरवणुकीतही हेच सूत्र दिसते.

त्रावणकोरातील वायकोमचा सत्याग्रह (१९२४-२५) येथे तुलनेसाठी उपयुक्त आहे. तेथे मागणी मंदिरप्रवेशाचीही नव्हती. मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालू द्यावे एवढीच होती. तिथली मनाई उघड आणि संस्थानाच्या सत्तेने राखलेली होती, म्हणून लढा थेट रस्त्यासाठी झाला. महाराष्ट्रात मनाई कायद्याने राखलेली नव्हती, म्हणून लढा पाण्याचा व देवळाचा म्हणून ओळखला गेला आणि त्यातील रस्ता दृष्टीआड झाला.

८

या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, रस्त्याचे सार्वजनिकत्व हे कायद्याने घोषित होते, पण चालण्याने सिद्ध होते. दुसरा असा की, समाज चालण्याला सरसकट विरोध करीत नाही. तो चालणाऱ्याजवळ मान्य हेतूचा परवाना मागतो. ओझे, पूजा, मजुरी, देशकार्य हे असे परवाने होत. ज्ञान आणि स्वाभिमान यांना तो परवाना मिळविण्यासाठी झगडावे लागले. तिसरा असा की, गर्दीतील अनोळखीपण आणि समूहातील ओळख ही मुक्तीची दोन भिन्न साधने होती. मुंबईने पहिले दिले, महाडने दुसरे घडविले.

हा इतिहास संपलेला नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस प्रकरणात उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे मान्य केले आणि त्याच वेळी पदपथ हे चालणाऱ्यांसाठी आहेत असेही सांगितले. दरिद्री माणसाचा निवारा आणि पादचाऱ्याची वाट यांना एकाच चिंचोळ्या पट्टीवर परस्परांसमोर उभे राहावे लागले. २०११ साली शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी मुंबईतील स्त्रियांविषयीच्या आपल्या ग्रंथात हेतुविना रस्त्यावर रेंगाळण्याचा हक्क मागितला. हेतूचा परवाना न मागता चालू द्यावे, हीच ती मागणी होय. सावित्रीबाईंच्या जादा लुगड्यापासून तिच्यापर्यंत एक अखंड वाट आहे. २००८ पासून मुंबईत पादचाऱ्यांसाठी उन्नत मार्ग उभे राहू लागले. पूर्वी पालखीने सन्मानिताला जमिनीवरून उचलले. आता वाहनांना जमीन मोकळी मिळावी म्हणून चालणारा उचलला जात आहे. उंची तीच असली तरी तिचा अर्थ उलटला आहे. तो अर्थ वाचण्यासाठी नगराच्या इतिहासकाराने नकाशा जवळ ठेवावाच. पण त्या नकाशावरून कोण चालू शकत होते आणि कोणाला आपली पाऊलखूण पुसावी लागत होती, हा प्रश्न त्याने आधी विचारला पाहिजे.